टीव्ही घेताय? आधी मागून बघा

टीव्हीच्या खरेदीबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांनी आकार, कंपनी आणि किंमत विचारली आहे. घरात सिग्नल कोणत्या वायरीने येतो, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं. त्यामुळे कोणता टीव्ही चालेल हे ज्यावरून ठरतं, तीच माहिती हाती नसते. ज्या पत्रांत ती होती, त्यांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून कायमचा परत येतोय. तिकडचा ५५ इंची टीव्ही सोबत आणू म्हणतो. इथला दुकानदार म्हणतो, "अमेरिकेचा टीव्ही इथं चालत नाही." शेजारी म्हणतात, "स्टॅबिलायझर लावला की झालं." खरं कुणाचं? (राजारामपुरी)

पूर्ण खरं कुणाचंच नाही, पण दुकानदार जास्त जवळ आहे.

पहिली गोष्ट वीज. तिकडे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. मुलाला टीव्हीच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढून पाठवायला सांगा. त्यावर '१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ' असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. '११०–१२० व्होल्ट' एवढंच असेल तर तो इथे थेट बोर्डात लावू नका, पॉवर सप्लाय तत्क्षणी जाईल. त्यासाठी २३० चे ११० करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. ५५ इंची एलईडी साधारण १०० ते १५० वॅट घेतो, म्हणून ट्रान्सफॉर्मर किमान ३०० व्हीए क्षमतेचा हवा. शेजाऱ्यांचा स्टॅबिलायझर २३० च्या आसपासचा चढउतार सावरतो, २३० चे ११० करत नाही.

दुसरी गोष्ट ट्यूनर, म्हणजे टीव्हीतला चॅनेलचा सिग्नल पकडणारा भाग. जुन्या ॲनालॉग काळात अमेरिकेची पद्धत एनटीएससी होती, ५२५ रेषांची. आपली पाल, ६२५ रेषांची. आता त्यांच्याकडे डिजिटल प्रक्षेपण एटीएससी पद्धतीचं आहे आणि आपल्याकडे सगळा कारभार डीव्हीबी घराण्याचा : डिशला डीव्हीबी-एस आणि एस२, केबलला डीव्हीबी-सी, जमिनीवरच्या टॉवरला डीव्हीबी-टी२. अमेरिकन टीव्हीतल्या ट्यूनरला यातलं काही समजत नाही. पण तुमच्या घरी केबलचा किंवा डीटीएचचा बॉक्स असणारच, आणि बॉक्स एकदा एचडीएमआयने (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या वायरीने) जोडला की टीव्हीचा ट्यूनर वापरातच येत नाही. म्हणून 'ट्यूनर वेगळा आहे' एवढ्यावरून टीव्ही बाद करण्याचं कारण नाही.

खरी ठेच तिसऱ्या ठिकाणी लागते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. आपले बॉक्स चित्र ५० हर्ट्झने देतात, बहुतेक वेळा १०८०आय/५० (१०८० रेषा, ५० हर्ट्झ), आणि जुने साधे बॉक्स ५७६आय/५०. फक्त अमेरिकेसाठी बनवलेले काही टीव्ही एचडीएमआयवरही फक्त ६० हर्ट्झ घेतात. मग पडदा काळा राहतो आणि 'सिग्नल सपोर्ट होत नाही' अशी पाटी येते. केबल बदला, पोर्ट बदला, काही उपयोग होत नाही. याचा शोध तिकडेच घेता येतो. मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत एचडीएमआयला चालणाऱ्या सिग्नलांचा तक्ता असतो. त्यात १०८०आय, ७२०पी आणि ५७६पी यांच्या पुढे ५० हर्ट्झ लिहिलंय का, ते मुलाने बघावं. नसेल तर टीव्ही तिकडेच विकलेला बरा. काही बॉक्सच्या सेटिंगमध्ये ६० हर्ट्झचा पर्याय मिळतो. पण मग सेकंदाच्या ५० चित्रांची ओढूनताणून ६० होतात. बातम्यांखालची पळती पट्टी आणि क्रिकेटचा चेंडू, दोन्ही अडखळत जातात.

शिवाय तिकडची वॉरंटी इथे सहसा लागू होत नाही आणि पॅनेल गेलं तर त्या मॉडेलचे सुटे भाग मिळणं मुश्किल. ऑगस्ट २०१३ पासून फ्लॅट टीव्ही प्रवाशाच्या करमुक्त सामानात धरत नाहीत, तेव्हा कस्टम्सचा चालू दर आधी पाहून घ्या. इथे मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. सगळा हिशेब मांडला तर आमच्या मते आणू नये.

दुबई-मस्कतहून आणणाऱ्यांनी मात्र घाबरायचं कारण नाही. तिकडेही ५० हर्ट्झ आणि २२० ते २४० व्होल्ट. तीन चपट्या पिनांची वायर काढून इथली लावली की झालं.

प्रश्न : गडहिंग्लजजवळ शेतातल्या घरी टीव्ही लावायचाय. महिन्याचा रिचार्ज नको. बॉक्सशिवाय फ्री डिश दिसतं असं ऐकलं. कोणता टीव्ही मागू? छत्री कुठं तोंड करून लावायची? (गडहिंग्लज)

ऐकलंत ते बरोबर आहे. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४ पासून सुरू आहे, आधी डीडी डायरेक्ट प्लस नावाने आणि आता डीडी फ्री डिश म्हणून. तिला मासिक भाडं नाही. टीव्हीत उपग्रहाचा ट्यूनर आतच असेल तर वेगळा बॉक्स लागत नाही. अशा टीव्हींसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानकही काढलं आहे.

दुकानात 'स्मार्ट आहे का' विचारण्याआधी टीव्ही फिरवून मागे बघा. अँटेनाचं गोल तोंड दोन प्रकारचं असतं. एक गुळगुळीत, ज्यात पिन नुसती ढकलायची. ते केबल-अँटेनाचं. दुसऱ्याच्या बाहेरून बारीक आटे असतात आणि मधोमध टाचणी जाईल एवढं भोक. ते डिशचं, त्यावर कनेक्टर फिरवून घट्ट बसतो. आट्यांचं तोंड दिसलं म्हणून लगेच पैसे मोजू नका, कारण काही मॉडेलवर साध्या अँटेनालाही तसंच तोंड देतात. खोक्यावर ट्यूनरच्या ओळीत 'डीव्हीबी-एस२' छापलेलं हवं. नुसतं 'टी२/सी' असेल तर तो टीव्ही तुमच्या कामाचा नाही. एस२ असला की चित्र दाबून पाठवण्याच्या जुन्या एमपीईजी-२ आणि नव्या एमपीईजी-४, दोन्ही पद्धतींचे खुले चॅनेल उघडतात. पैसे भरून बघायचे डीटीएचचे चॅनेल कुलूपबंद असतात, ते या ट्यूनरवर दिसणार नाहीत.

आता छत्री. फ्री डिश जीसॅट-१५ वर आहे, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर. कोल्हापूर जिल्ह्यातून तो आग्नेयेला दिसतो. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजलं तर साधारण १२९ ते १३० अंश, आणि क्षितिजापासून उंची सुमारे ६० अंश. मोबाइलचं होकायंत्र वापरा, पण ते लोखंडी पाइपाला चिकटवून धरू नका, दिशा भलतीच दाखवतं. चार पावलं मागे उभं राहून दिशा घ्या. ६० अंश बरंच उंच आहे, त्यामुळे लांबची झाडं आड येत नाहीत. डिशपेक्षा २० फूट उंच नारळ त्या दिशेला १२ फुटांच्या आत असेल तरच अडचण. एक गफलत नेहमी होते. आपल्याकडच्या छत्र्या ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे पत्रा दिसतो त्यापेक्षा जास्त वर 'बघत' असतो. पत्र्याकडे पाहून ६० अंशाचा अंदाज बांधला तर छत्री पार आभाळाकडे होते. ब्रॅकेटवर कोरलेल्या अंशपट्टीवरच ६० लावा. त्याआधी खांब ओळंब्याने सरळ करा, नाहीतर पट्टीला अर्थ राहत नाही.

टीव्हीत चॅनेलच्या सेटिंगमध्ये जाऊन सॅटेलाइट निवडा. उपग्रह जीसॅट-१५ (यादीत नसेल तर ९३.५ पूर्व स्वतः भरा), एलएनबी (छत्रीच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) युनिव्हर्सल ९७५०/१०६००, एलएनबी पॉवर चालू. एकच छत्री असेल तर डिसेक (अनेक छत्र्यांतून एक निवडणारी सोय) बंद. पडद्यावर दोन पट्ट्या येतील. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की आभाळात काही नसतानाही भरते. तिच्या नादाला लागू नका, क्वालिटी बघा. क्वालिटी शून्य असेल तर छत्री डावी-उजवीकडे बोटाच्या पेराएवढी सरकवा, दोन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. ट्यूनरला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, घाईत हलवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटून जातो. क्वालिटी आली की नट थोडे आवळा आणि मग एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवा. तो नुसता उभा ठेवून भागत नाही, तिरपा करावाच लागतो. जिथे क्वालिटी सगळ्यात जास्त, तिथे पक्का करा.

छत्रीपासून टीव्हीपर्यंतची वायर आरजी-६ जातीची घ्या. कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीचा एक केसही मधल्या तांब्याच्या तारेला टेकता कामा नये. याच वायरीतून टीव्ही एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. १३ ला उभे ध्रुवीकरण (उभ्या डोलणाऱ्या लहरींवरचे चॅनेल), १८ ला आडवे. जाळीचा केस टेकला की शॉर्ट होऊन टीव्ही एलएनबीची वीज तोडतो. वायर लांब आणि हलकी असेल तर १८ व्होल्ट वरपर्यंत पुरेसे पोचत नाहीत आणि अशा वेळी काही चॅनेल येतात, काही गायब. लोक चॅनेलवाल्यांना नावं ठेवतात, दोष वायरीचा असतो. वायर एलएनबीकडे जाण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून ठिबकेल आणि कनेक्टरात शिरणार नाही. पुढे दुसऱ्या खोलीत टीव्ही लावणार असाल तर आताच दोन तोंडांचा एलएनबी घ्या. स्प्लिटर लावला की दोन टीव्ही एकाच एलएनबीला वेगवेगळे व्होल्ट द्यायला बघतात आणि भांडण सुरू होतं.

मुसळधार पावसात चित्र चौकोनी तुकडे होऊन थांबेल. या लहरींची लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, दाट पाऊस त्या शोषतो. गगनबावडा-राधानगरीसारख्या जास्त पावसाच्या भागातल्या लोकांनी ६० ऐवजी ७५ किंवा ९० सेंमीची छत्री घ्यावी, खंड कमी पडतो. आणि हो, यावर बहुतांश चॅनेल साध्या दर्जाचे, ७२० बाय ५७६ ठिपक्यांचे आहेत. तेच चित्र ५५ इंचावर ताणलं तर चेहरे मेणाचे दिसतात. शेतातल्या खोलीला ३२ इंच भरपूर झाला.

प्रश्न : लग्नाच्या व्हीएचएस कॅसेट आहेत, प्लेअर चालू आहे. नव्या टीव्हीला लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना लावायला जागाच नाही. (कागल)

मागे 'एव्ही' लिहिलेलं हेडफोनसारखं बारीक भोक आहे का बघा. त्यात ३.५ मिमीची चार कप्प्यांची पिन जाते आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगांची तोंडं असतात. टीव्हीच्या खोक्यात ती वायर मिळाली असेल तर तीच वापरा. बाजारातल्या वायरी दिसायला एकसारख्या, पण आतल्या कप्प्यांचा क्रम वेगळा. चित्र नाही आणि एका स्पीकरमधून घरघर येतेय, म्हणजे चित्र आवाजाच्या कप्प्यात गेलंय. पिवळी आणि लाल पिन आपसात बदलून बघा. तरीही घरघरच असेल तर ग्राउंडचा कप्पा वेगळा आहे, ती वायर परत करा.

एव्हीचं भोकच नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारा छोटा कन्व्हर्टर मिळतो. त्याला यूएसबीतून वीज द्यावी लागते. घेताना दिशा नीट सांगा, उलट दिशेचा कन्व्हर्टरही हुबेहूब तसाच दिसतो आणि नेमका तोच हातात पडतो.

चित्र येतंय पण काळंपांढरं किंवा वरखाली पळतंय, तर कॅसेट बहुधा परदेशातून आलेली, एनटीएससीची. त्यात रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झवर, पालमध्ये ४.४३ वर. प्लेअर आणि टीव्ही दोघांच्याही सेटिंगमध्ये 'ऑटो' ठेवा. कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात हे होतंच. तशी कॅसेट लावली तर प्लेअरचं हेड खराब होतं आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. आधी साफ करून घ्या, आणि एकदा दिसायला लागलं की रोज बघत बसण्याऐवजी संगणकावर उतरवून ठेवा.

प्रश्न : पोराला गेमसाठी 'एचडीएमआय २.१' वालाच टीव्ही हवाय. दुकानदार महागडी केबलही गळ्यात मारतोय. बंगल्याचं वायरिंग सुरू आहे, भिंतीतून केबल टाकू का? (जयसिंगपूर)

आकड्यावर जाऊ नका. २.१ मधल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत, त्यामुळे खोक्यावर २.१ असूनही आत २.० एवढाच वेग असू शकतो. दुकानदाराला एकच विचारा : "४के ला १२० हर्ट्झ कोणत्या पोर्टवर चालतं?" पोर्टचा नंबर सांगता आला पाहिजे. चारपैकी एक-दोन पोर्टच तसे असतात, आणि बऱ्याचदा त्यातलाच एक ईएआरसीचा (साउंडबारला आवाज देणारा) असतो, म्हणजे साउंडबार आणि गेम एकाच तोंडासाठी भांडतात. पॅनेल मुळात ६० हर्ट्झचं असेल तर ४के-१२० चा विषयच संपला. टीव्हीत त्या पोर्टचं 'एन्हान्स्ड' सेटिंग चालू करावं लागतं. ते बंद राहिल्यामुळेच 'टीव्ही फसवा निघाला' अशी अर्धी ओरड होते.

गेमच्या मशीनला 'अल्ट्रा हाय स्पीड' लिहिलेली, ४८ गिगाबिटची केबल लागते. खोक्यावर तपासणीचं स्कॅन करता येणारं लेबल असतं. साध्या तांब्याच्या तारेत ती तीन मीटरपर्यंत भरवशाची. केबल-डीटीएचच्या बॉक्सला बॉक्ससोबत आलेली वायर पुरते. सोन्याचा मुलामा दिल्याने चित्र अधिक रंगीत होत नाही, हे सोनं आपल्या गुजरीतल्या सराफांकडचं नव्हे.

भिंतीत केबल गाडू नका, पाइप टाका. रुंद पाइपातून एचडीएमआयचं तोंड सरळ जातं, पण काटकोनी एल्बोत अडकतं. लांब वळणाचे बेंड वापरा आणि आत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा. लांबी दहा मीटरच्या आसपास असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते : एक टोक 'सोर्स', एक 'डिस्प्ले'. उलटी ओढली की सगळी परत बाहेर काढावी लागते.

प्रश्न : साउंडबार एचडीएमआयने जोडला, तरी आवाज टीव्हीतूनच येतो. (शाहूपुरी)

टीव्हीवर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं एकच तोंड असतं, वायर त्यातच हवी आणि साउंडबारच्या बाजूलाही एआरसीच्याच तोंडात. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करा (जोडलेल्या वस्तूंनी एकमेकींना हुकूम देण्याची सोय, प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलंय) आणि आवाज बाहेरच्या स्पीकरला द्या. एवढं करूनही शुकशुकाट असेल तर डिजिटल आवाज 'पीसीएम' (साधा, न दाबलेला आवाज) वर आणा. आवाज ओठांच्या मागे पडत असेल तर एव्ही सिंकची पट्टी आहे. एआरसी अडूनच बसलं तर ऑप्टिकल वायर लावा, ५.१ पर्यंतचा (सहा स्पीकरचा) डॉल्बी आवाज तीही नेते.

प्रश्न : वळवाच्या पावसात दोन वर्षांत दोनदा टीव्हीचं एचडीएमआय पोर्ट गेलं. बोर्डाचं बटण बंद होतं. बॉक्सला हात लावला की मुंग्याही येतात. (पन्हाळा)

बटण बंद केल्याने फक्त एक तार तुटते. आभाळातल्या विजेचा तडाखा तुमच्याकडे छत्रीच्या वायरीतून येतो. जवळपास कडाडली की आरजी-६ मध्ये उसळी येते, ती बॉक्समध्ये, तिथून एचडीएमआयने टीव्हीत. आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, बॉक्स आणि टीव्ही दोघांच्या पिना बोर्डातून उपसा आणि छत्रीची वायर बॉक्समधून फिरवून काढा. एप्रिल-मेमध्ये ही सवयच ठेवा. छत्रीच्या लोखंडी खांबालाही अर्थिंग द्या.

मुंग्यांचं कारण वेगळं. दोन पिनांच्या ॲडॉप्टरमध्ये गोंगाट गाळणारा छोटा कपॅसिटर असतो, त्यातून बॉक्सच्या धातूच्या भागांवर निम्मे व्होल्ट पाझरतात, करंट अगदी नगण्य. माणसाला धोका नाही, पण चालू वस्तूंत एचडीएमआय खुपसताना तीच ठिणगी पोर्टच्या चिपला पुरते. दोन्ही पिना काढूनच एचडीएमआय जोडा. मुंग्यांऐवजी सणसणीत झटका बसत असेल तर मात्र वायरमनला बोलवा, अर्थिंग गेलंय.

पंप चालू झाले की दिवे मंद होतात, त्याची काळजी नको. स्टिकरवर १०० ते २४० असेल तर टीव्ही कमी व्होल्टेज सहज सोसतो. मारतं ते जास्तीचं. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ४०० च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. नुसता स्पाइक गार्ड तिथे जळून जातो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की रिलेने लाइन तोडणारा प्रोटेक्टर मेन बोर्डात बसवून घ्या.

प्रश्न : गच्चीवर जुना ॲल्युमिनियमचा अँटेना आहे. नव्या टीव्हीला लावला तर दूरदर्शन दिसेल का? (शिवाजी पेठ)

नाही. दूरदर्शनने ॲनालॉग प्रक्षेपण देशभर टप्प्याटप्प्याने जवळपास बंद केलं. डीव्हीबी-टी२ चं डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये ज्या १६ शहरांत सुरू झालं, त्यात आपल्या राज्यातली मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद होती, कोल्हापूर नव्हतं. अँटेना मोडीत काढा, पाइप ठेवा. फ्री डिशची छत्री लावायला तोच पाइप चालतो, फक्त हलत नाही ना ते बघा. उतरवताना दोघं लागतात, आणि आधी शेजारून जाणारी विजेची तार बघून घ्या.